२०३५ हे साल: एक चुकीचा आकडा आणि धोरणाची चुकलेली चर्चा

पर्यावरण धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कच्चं किंवा चुकीचं विज्ञान माध्यमांतून मांडलं गेलं, तर धोरणावर त्याचा खरोखर परिणाम होतो का? आणि एखादी चूक उघडी पडली की सगळा विषयच का कोसळतो?

परिणाम होतो, आणि बराच होतो. फक्त आपण शोधतो तिथे तो सापडत नाही. अमुक बातमीमुळे तमुक कायदा रद्द झाला असं क्वचितच दाखवता येतं. बातमी काय करते, तर भांडायचं कशावर हे ठरवून टाकते. मग मंत्रालयात, संसदेत आणि चॅनेलवर महिनोन्‌महिने वाद चालतो तो शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवायचा की नाही ह्याचा. करायचं काय, हा प्रश्न तसाच पडून राहतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर विज्ञान आणि पर्यावरणाच्या कॉपी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. ह्या विषयावर मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ सगळं एका प्रकरणात सापडतं, म्हणून तेच नीट सांगते.

आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं शास्त्रीय मंडळ. त्याचा चौथा अहवाल २००७ मध्ये आला. त्यातल्या दुसऱ्या कार्यगटाच्या ९३८ पानी खंडात, आशियावरच्या दहाव्या प्रकरणात, एक परिच्छेद होता. हिमालयातल्या हिमनद्या जगात सर्वांत वेगाने मागे हटत आहेत, हाच वेग राहिला तर २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि त्यांचं क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असं त्यात लिहिलं होतं. आधार दिला होता वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर ह्या संस्थेच्या २००५ सालच्या अहवालाचा.

त्या संस्थेने हे आणलं होतं ‘न्यू सायंटिस्ट’ ह्या साप्ताहिकातल्या १९९९ सालच्या बातमीतून. ती बातमी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन ह्यांच्याशी झालेल्या बोलण्यावर आणि एका अप्रकाशित अभ्यासावर बेतलेली होती. त्या अभ्यासात हिमनद्या कधी संपतील ह्याची तारीख नव्हतीच. ५ लाखांवरून १ लाख हा आकडा वेगळ्याच वाटेने आला. रशियन शास्त्रज्ञ कोत्ल्याकोव्ह ह्यांनी युनेस्कोसाठीच्या १९९६ च्या एका अहवालात तो दिला होता. तो हिमालयाबद्दल नव्हता, ध्रुवप्रदेश सोडून उरलेल्या साऱ्या जगातल्या बर्फाबद्दल होता. आणि त्यांनी दिलेलं साल होतं २३५०.

म्हणजे माध्यमांनी विज्ञान विपर्यस्त केलं, एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. इथे बातमीच विज्ञान बनून अहवालात शिरली, आणि तिथून दसपट वजन घेऊन पुन्हा बातमीत आली. आता तिच्यावर नोबेल मिळवणाऱ्या संस्थेचा शिक्का होता. आयपीसीसीला शांततेचं नोबेल मिळालं तेही २००७ मध्येच.

हे पकडता आलं नसतं का? येत होतं, आणि त्यासाठी हिमनदीतज्ज्ञ असण्याची गरज नव्हती. ५ लाख चौरस किलोमीटर म्हणजे किती ते पाहा. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. हिमालयातला बर्फ महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त असेल का? हिमालय आणि काराकोरम मिळून हिमनद्यांचं क्षेत्र साधारण ४० हजार चौरस किलोमीटर धरलं जातं. शाळेचा नकाशा समोर ठेवला असता तरी शंका आली असती. त्याच प्रकरणातल्या एका तक्त्यात पिंडारी हिमनदी आहे: १८४५ ते १९६६ ह्या काळात २,८४० मीटर मागे हटली, वेग वर्षाला १३५.२ मीटर. भागाकार करून बघा. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षं. २,८४० भागिले १२१ म्हणजे सुमारे साडेतेवीस. १३५.२ हे उत्तर २१ ने भागल्यावर येतं. शंभर वर्षं गळाली आणि पिंडारी सहापट वेगाने पळू लागली.

डेस्कवर नव्याने आलेल्या मुलांना मी हा तक्ता देत असे आणि चूक शोधायला सांगत असे. बहुतेक जण वाक्यांत चूक शोधत बसत. भागाकार करणारे थोडे.

मसुदा तपासणाऱ्यांपैकी काहींनी तो परिच्छेद हेरला होता, ही त्यातली दुखरी बाब. इतक्या मोठ्या विधानाची खात्री किती, असं जपान सरकारने अभिप्रायात विचारलं होतं. ऑस्ट्रियाचे हिमनदीतज्ज्ञ गेओर्ग कासर ह्यांनी २००६ मध्येच सावध केलं होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. विधान तसंच राहिलं. पण ते धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात आलं नाही. पहिल्या कार्यगटाच्या खंडात, जिथे हिमनद्यांच्या भौतिकशास्त्रावर खरोखरचं काम करणारी माणसं होती, तिथेही ते नव्हतं. ह्याचा अर्थ यंत्रणेची एक चाळणी फाटकी निघाली, दुसरी शाबूत होती. पुढच्या गदारोळात हा फरक कोणी छापला असेल तर तो आतल्या पानावर.

२००७ ते २००९ ही दोन वर्षं त्या तारखेने भारतात मनसोक्त मुक्काम केला. तारीख असली की हेडिंग तयार असतं. ‘तापमानवाढीमुळे हिमनद्यांचं वस्तुमान घटत असून त्याचा वेग खोऱ्याखोऱ्यानुसार बदलतो’ ह्याचं हेडिंग करून दाखवा! २०३५ मात्र चार अंकांत बसतं, आणि वाचकाला त्यात आपल्या मुलाचं वय मोजता येतं. त्याच्यापुढचं पाऊल म्हणजे गंगा आटणार. वास्तविक गंगेच्या खोऱ्यात येणारं बहुतांश पाणी मान्सूनचं असतं. वितळलेल्या बर्फाचा वाटा वरच्या भागात आणि उन्हाळ्यात महत्त्वाचा ठरतो, आणि सिंधूच्या खोऱ्यात तर तो फारच मोठा आहे. पाण्याचं धोरण आखायचं तर हाच फरक कळीचा. कोणत्या नदीच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या महिन्यांत पाणी कमी पडेल, हे कळल्याशिवाय धरणाचं किंवा कालव्याचं नियोजन होत नाही. तारखेने हा सगळा तपशील खाऊन टाकला.

मग नोव्हेंबर २००९ उजाडला. कोपेनहेगनची हवामान परिषद महिन्यावर आलेली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त उपमहासंचालक व्ही. के. रैना ह्यांचा एक चर्चा-निबंध प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्या असाधारण वेगाने मागे हटत असल्याचं दिसत नाही, असा त्याचा सूर होता. गंगोत्री हिमनदीचं तोंड (खालचं टोक) २००७ ते २००९ ह्या काळात जवळजवळ एकाच जागी थांबल्याचंही त्यात होतं. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी ह्यांनी त्याची ‘व्हूडू सायन्स’, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान, म्हणून संभावना केली, आणि बातमीला हवं ते मिळालं: मंत्री विरुद्ध अध्यक्ष.

प्रत्यक्षात वादात दोन्ही बाजूंच्या हातात जे होतं ते तज्ज्ञांच्या छाननीतून गेलेलं नव्हतं. एकीकडे बातमीतून आलेली तारीख, दुसरीकडे छाननी न झालेला चर्चा-निबंध. शिवाय रैनांच्या निबंधाचा भर मुख्यतः हिमनदीच्या तोंडावर होता, म्हणजे तिचं खालचं टोक किती मीटर मागे गेलं ह्यावर. ते मोजायला सोपं असतं आणि जुन्या नोंदीही मिळतात. पण हिमनदीची प्रकृती तोंडावरून कळत नाही. हिवाळ्यात किती बर्फ जमा झाला, उन्हाळ्यात किती खर्ची पडला, हा तिचा जमाखर्च असतो. तोंड जागच्या जागी असतानाही अंग झिजत जातं, पातळ होत जातं. हिमाचलात छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून हा जमाखर्च नियमित मांडला जातो. त्यासाठी दर वर्षी माणसांनी वर चढून बर्फात खुंट्या रोवाव्या लागतात, पुढच्या मोसमात त्या किती उघड्या पडल्या ते मोजावं लागतं. हिमनद्या हजारो असताना असं मोजमाप भारतात तेव्हा मोजक्याच ठिकाणी चालू होतं. धोरणाची खरी बातमी ही होती: आपल्याकडे नोंदीच नाहीत. मंत्री आणि अध्यक्षांच्या जुगलबंदीत ती बुडाली.

जानेवारी २०१० मध्ये फुगा फुटला. कॅनडातल्या ट्रेंट विद्यापीठाचे भूगोलज्ञ ग्रॅहम कॉगली ह्यांनी तारखेचा माग मागे मागे नेत पार मूळापर्यंत काढला होता. १७ जानेवारीला लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ते मोठं केलं आणि २० जानेवारीला आयपीसीसीने खेद व्यक्त केला. त्याआधी नोव्हेंबरमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान संशोधकांचे चोरलेले ई-मेल बाहेर आले होते, त्यामुळे शास्त्रज्ञांवर शंका घेणाऱ्यांकडे दारूगोळा तयारच होता. मग प्रत्येक पान उलटून चुका शोधण्याची शर्यत लागली. नेदरलँड्सचा ५५ टक्के भूभाग समुद्रसपाटीखाली आहे हे विधान सापडलं. खरं प्रमाण २६ टक्के होतं, आणखी २९ टक्के भागाला नद्यांच्या पुराचा धोका होता, आणि दोहोंची बेरीज करून ती समुद्राच्या खात्यावर टाकली गेली होती. ही चूक मुळात नेदरलँड्सच्याच सरकारी संस्थेने दिलेल्या माहितीतली.

इथून पुढे माध्यमांचा लंबक उलटा फिरला, आणि मला हा भाग पहिल्याइतकाच घातक वाटतो. ३१ जानेवारीला ‘संडे टाइम्स’नेच बातमी दिली की ॲमेझॉनच्या जंगलाबद्दलचं आयपीसीसीचं विधानही निराधार आहे. पाऊस थोडा घटला तरी ४० टक्क्यांपर्यंत जंगलावर मोठा परिणाम होऊ शकतो, असं ते विधान होतं. ह्यात संदर्भ चुकीचा दिला गेला होता, शास्त्र चुकलं नव्हतं. ॲमेझॉनवर काम करणारे लीड्स विद्यापीठाचे सायमन लुईस ह्यांनी ब्रिटनच्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनकडे तक्रार नेली. वर्तमानपत्राने जूनमध्ये, तब्बल साडेचार महिन्यांनी, बातमी मागे घेतली. तोवर ती जगभर फिरून आली होती. दुरुस्ती मूळ बातमीइतकी कधीच फिरत नाही, हे डेस्कवर बसलेला कोणीही सांगेल. दुरुस्तीला फोटो नसतो आणि चौथ्या पानावरच्या दोन ओळी कोणी कापून ठेवत नाही.

आता धोरणावरचा परिणाम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २००९ मध्ये हरितगृह वायू आरोग्याला घातक असल्याचा निष्कर्ष जाहीर केला होता. पुढचं सगळं नियमन त्याच्या पायावर उभं राहणार होतं. टेक्सास आणि व्हर्जिनियासारखी राज्यं आणि काही संघटना फेरविचाराचे अर्ज घेऊन आल्या, आणि त्या अर्जांत हे ई-मेल होते, हिमनद्या होत्या, नेदरलँड्सही होतं. जुलै २०१० मध्ये संस्थेने अर्ज फेटाळले. चुका किरकोळ आहेत, निष्कर्ष त्यांच्यावर उभा नाही, हे तिने मुद्देसूद दाखवलं. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानेही निष्कर्ष उचलून धरला. कागदोपत्री पाहिलं तर तेव्हा विज्ञान टिकलं. पण एका यंत्रणेचे कित्येक महिने जुन्या आकड्यांचा बचाव करण्यात गेले, आणि लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं. बीबीसीसाठी फेब्रुवारी २०१० मध्ये झालेल्या पाहणीत, हवामान बदल होतो आहे आणि तो मुख्यतः मानवनिर्मित असल्याचं सिद्ध झालं आहे, असं मानणारे ब्रिटिश लोक २६ टक्के निघाले. नोव्हेंबर २००९ मध्ये ते ४१ टक्के होते. त्या वर्षीचा हिवाळा कडाक्याचा होता आणि कोपेनहेगनही फसलं होतं, तेव्हा सगळी घसरण बातम्यांच्या माथी मारू नका. प्रबंधात हा आकडा वापरलात तर ही पुस्ती जोडाच.

भारतात परिणाम मिश्र झाला. चांगला भाग असा की स्वतःचं मोजमाप हवं ह्या म्हणण्याला जोर आला. भारतीय हवामान बदल मूल्यांकन जाळ्याने नोव्हेंबर २०१० मध्ये हिमालय, पश्चिम घाट, किनारपट्टी आणि ईशान्य भारत अशा चार प्रदेशांचं मूल्यांकन प्रसिद्ध केलं. सह्याद्रीतल्या बदलांकडे राष्ट्रीय पातळीवर असं स्वतंत्रपणे पाहिलं गेलं, त्याला ह्या वादाचाही हातभार लागला असं माझं मत आहे. आयपीसीसीच्या कारभाराची तपासणी जगभरच्या विज्ञान अकादमींच्या परिषदेने केली. हॅरोल्ड शापिरो ह्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०१० मध्ये अहवाल दिला, आणि तपासकांच्या अभिप्रायांची दखल नीट घेतली गेली पाहिजे, छाननी न झालेल्या साहित्याबाबत नियम कडक हवेत, असं बजावलं. ह्या सुधारणा झाल्या त्या बातमीच्या रेट्याने. चूक उघड करणारी पत्रकारिता नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही.

वाईट भाग असा की ‘२०३५ खोटं’ ह्याचं ‘हिमनद्या वितळतात हेच खोटं’ व्हायला वेळ लागला नाही. वितळणं काही थांबलं नव्हतं. शीतयुद्धातल्या अमेरिकी हेर-उपग्रहांच्या जुन्या छायाचित्रांवरून २०१९ मध्ये ६५० हिमनद्यांचा अभ्यास झाला. १९७५ ते २००० ह्या काळाच्या तुलनेत २००० नंतर बर्फ दुप्पट वेगाने जातो आहे असं त्यात आढळलं. काठमांडूच्या इसिमोड संस्थेचं त्याच वर्षीचं मूल्यांकन सांगतं की तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकअखेर हिंदुकुश-हिमालयातला एक तृतीयांश बर्फ गेलेला असेल, आणि उत्सर्जन असंच चालू राहिलं तर दोन तृतीयांश. ही विधानं छाननीतून गेलेली आहेत. पण ‘शतकअखेर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश’ ह्यात कुठलं एक साल नाही.

साल नसलेल्या विज्ञानाचं काय होतं ते सिक्कीममध्ये दिसलं. दक्षिण ल्होनाक हा तिथला हिमनदीने तयार केलेला तलाव. बर्फ मागे हटला तसा तो वाढत गेला. तो धोक्याचा आहे हे माहीत होतं. २०१६ मध्ये सोनम वांगचुक आणि राज्याच्या आपत्ती यंत्रणेने पाइप टाकून त्यातलं काही पाणी उपसलंही होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तलाव फुटला तर पाण्याचा लोंढा चुंगथांगपर्यंत कसा पोचेल ह्याचं गणित मांडलेलं होतं. चुंगथांगला १,२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरण उभं होतं. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री तलावाच्या कडेचा दगडमातीचा उतार पाण्यात कोसळला, तलाव फुटला आणि धरण वाहून गेलं. खाली शंभराहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. इथे विज्ञान विश्वासार्ह होतं, ठिकाण नेमकं होतं, कोणी काय करायचं हेही सांगता येत होतं. त्या इशाऱ्याला पहिलं पान मिळालं नाही. २०३५ ला मिळालं होतं, आणि २०३५ खोटं ठरलं तेव्हाही मिळालं होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाट अहवाल घ्या. तो २०११ मध्ये सादर झाला आणि सरकारने तो २०१२ पर्यंत दाबून ठेवला. संवेदनशीलतेनुसार तीन वेगवेगळे विभाग, प्रत्येकाला वेगळे निर्बंध, आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून, अशी त्याची रचना होती. कोकणात आणि घाटमाथ्यावर लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच, की आता सगळं बंद होणार. तिथे आकडा चुकलेला नव्हता, तरी अहवाल अव्यवहार्य ठरवायला एक ओळ पुरली. त्यावर सविस्तर लिहायचं तर वेगळं उत्तर होईल.

तुम्ही विद्यार्थिनी आहात, तेव्हा पद्धतीबद्दल थोडं. ‘विज्ञान चुकीचं निघालं’ अशी बातमी दिसली की आधी ठरवा, नेमकं काय चुकलं? आकडा चुकला (पिंडारी), संदर्भ चुकला (ॲमेझॉन), की निष्कर्षच चुकला (२०३५)? तिन्हींना माध्यमं एकच शब्द वापरतात, घोटाळा. धोरणाच्या दृष्टीने फक्त तिसरी चूक निर्णय बदलू शकते, आणि तीही निर्णय त्या निष्कर्षावर टेकलेला असेल तरच. मग उलट दिशेने जा. चर्चेतल्या धोरणाचा मूळ कागद काढा आणि तो त्या विधानाचा आधार घेतो का ते पाहा. भारताची हवामान बदलाची राष्ट्रीय कृती योजना २००८ ची आहे आणि हिमालयासाठीचं अभियान तिच्या आठ अभियानांपैकी एक आहे. ते अभियान २०३५ वर किती टेकलेलं होतं, हे योजनेचा मजकूर वाचून तुम्हाला स्वतःला ठरवता येईल. चॅनेलवरच्या एकाही चर्चेत ते कोणी वाचलेलं मला दिसलं नाही.

आणि शक्य झालं तर जानेवारी २०१० मधली मराठी दैनिकं ग्रंथालयात जाऊन बघा, त्यांच्या शेजारी २०२१ ची. पहिल्या गठ्ठ्यात पचौरी आणि रमेश ही नावं किती वेळा येतात ते मोजा, आणि दुसऱ्यात दक्षिण ल्होनाक हे नाव. प्रबंधाचं एक प्रकरण तेवढ्यावर उभं राहील.